इंटरनेट सुरू केले की लिनक्स लॅपटॉप हँग होतो: दोष कुठे आहे ते कसे शोधायचे

ऑफलाइन असताना लॅपटॉप दिवसभर बिनतक्रार चालतो. ब्राउझर उघडून थोडा वेळ झाला की मात्र माउस अडखळायला लागतो, मग पडदा जागच्या जागी थिजतो आणि शेवटी पॉवर बटण दाबून धरावे लागते. अशा वेळी बरेच जण लगेच दुसरे वितरण (उबुंटू, फेडोरा अशी लिनक्सची वेगळी आवृत्ती) टाकून पाहतात. कधी कधी त्याने दोष जातोही, पण तो का गेला हे कळत नाही आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पुढच्या एखाद्या अपडेटबरोबर तो परत हजर होतो.

लॅपटॉपच्या दृष्टीने 'इंटरनेट वापरणे' हे एक काम नसते. व्हिडिओ असलेले एखादे पान उघडले की ब्राउझर रॅम मागतो, चित्र रंगवायला ग्राफिक्स चिप कामाला लागते, वाय-फाय कार्ड सतत माहिती खेचत राहते आणि डिस्कवर कॅशे लिहिला जातो. हे सगळे एकाच वेळी चालते, पण हँग करणारा बहुतेकदा यांतला एकच असतो. तो वेगळा काढला की उपाय अनेकदा एका ओळीचा निघतो. उलट, सापडतील ते सगळे उपाय एकदम लावले तर लॅपटॉप मंद होतो, बॅटरी लवकर संपते आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि तो कागदावर टिपून ठेवायचा.

खाली आज्ञा, फाइली आणि पॅरामीटर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे; चिन्हे आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवायच्या. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. पहिली काही अक्षरे देऊन टॅब की दाबली की बहुतेक नावे आपोआप पूर्ण होतात.

हँग झाल्या झाल्या काय पाहायचे

सगळ्यात मोलाचा पुरावा त्या क्षणीच हाती असतो आणि पॉवर बटण दाबले की तो जातो. त्यामुळे आधी दोन मिनिटे थांबा आणि या क्रमाने तपासा.

कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर कर्नल जिवंत आहे, अडकले आहे ते वरचे काहीतरी. दिवा ढिम्म हलत नसेल तर कर्नलच थांबलेला असू शकतो. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक झाले आहे, म्हणजे ड्रायव्हर किंवा हार्डवेअरकडे बोट जाते.

डिस्कचा दिवा असेल तर तो पाहा. अखंड पेटलेला दिवा आणि काही सेकंदांनी एकदा सरकणारा माउस ही रॅम संपल्याची जवळपास निश्चित खूण आहे. हार्ड डिस्क असेल तर तिची घरघरही ऐकू येते.

आवाज ऐका. पडदा थिजला तरी गाणे पुढे चालू असेल तर संशय ग्राफिक्सवर. आवाजाचा एकच तुकडा रेकॉर्ड अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजत असेल तर पूर्ण यंत्रणा थांबलेली आहे.

कंट्रोल + ऑल्ट + एफ३ दाबून अर्धा मिनिट वाट पाहा. काळ्या पडद्यावर लॉगइन आले तर यंत्रणा सुस्थितीत आहे, फक्त डेस्कटॉप किंवा ब्राउझर अडकला आहे. तिथे लॉगइन करून 'टॉप' चालवा आणि कोण प्रोसेसर किंवा रॅम खाते आहे ते पाहा. काही लॅपटॉपवर यासाठी एफएन कीही सोबत दाबावी लागते.

जवळ फोन किंवा दुसरा संगणक असेल तर त्याच नेटवर्कवरून लॅपटॉपला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते विचारणारा छोटा संदेश पाठवा. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, त्यासाठी कोणताही प्रोग्राम चालू असावा लागत नाही. म्हणून पिंगला उत्तर येते, पण एसएसएच (दुसऱ्या संगणकात टर्मिनलने लॉगइन करण्याची सोय) जोडले जात नाही, असे दिसले तर कर्नल ठीक आहे आणि वरचे सगळे रॅमसाठी किंवा डिस्कसाठी ताटकळले आहे, असे समजायला हरकत नाही. एसएसएच सर्व्हर आधीच बसवून ठेवला असेल तर त्यासारखे साधन नाही: पडदा गोठलेला असतानाही दुसऱ्या यंत्रावरून लॉग, म्हणजे यंत्रणेने केलेल्या नोंदी, वाचता येतात.

पॉवर बटणाआधीचा सभ्य मार्ग

कर्नलला थेट हुकूम देण्यासाठी सिसआरक्यू ही सोय आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबली की अनुक्रमे डिस्कवर माहिती लिहिली जाते, फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती राहते आणि लॅपटॉप रीबूट होतो. त्याच पद्धतीने एफ दाबले तर कर्नल सर्वांत जास्त रॅम खाणारा प्रोग्राम मारतो. रॅम संपून हँग झालेला लॅपटॉप यामुळे काही सेकंदांत शुद्धीवर येतो, आणि तसा आला तर निदानही तिथेच झाले.

अडचण अशी की बहुतेक वितरणे ही सोय अर्धवटच चालू ठेवतात. उबुंटूमध्ये तिची किंमत १७६ असते. ही १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज, म्हणजे रीबूट, फक्त-वाचन आणि सिंक एवढीच परवानगी. प्रोग्राम मारण्यासाठी लागणारे ६४ त्यात नाही, म्हणून एफ दाबून काहीच होत नाही. तपास चालू आहे तोवर सगळी परवानगी द्या:

सुडो सिससीटीएल कर्नल.सिसआरक्यू=१

हा बदल रीबूटनंतर जातो. टिकवायचा असेल तर /ईटीसी/सिससीटीएल.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ शेवट असलेल्या फाइलीत 'कर्नल.सिसआरक्यू=१' ही ओळ ठेवा.

लॉग टिकला पाहिजे

रीबूट झाल्यावर आधीच्या सत्राचा कर्नल लॉग असा वाचायचा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१

शेवटची पानभर माहिती महत्त्वाची. आधीचे सत्र सापडत नाही असे उत्तर आले तर जर्नल (सगळे लॉग साठवणारी नोंदवही) फक्त रॅममध्ये राहत आहे. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर तयार करून लॅपटॉप रीबूट केला की पुढचे लॉग डिस्कवर टिकतात.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. जर्नल प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करत नाही. अतिगंभीर संदेश सोडले तर मूळ ठेवणीत हे दर पाच मिनिटांनी होते. हँग होण्याआधीच्या ज्या ओळी हव्यात, नेमक्या त्याच हरवतात आणि 'लॉगमध्ये काहीच नाही' असे वाटते. /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ या फाइलीत सिंकइंटरव्हलसेक ही ओळ शोधा (एस, आय आणि दुसरा एस मोठे), पुढचे हॅशचिन्ह काढा आणि किंमत ५एस करा. त्यानंतर जर्नलची सेवा किंवा लॅपटॉप पुन्हा सुरू करा. पॅनिक झाले असेल तर /व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोअर हे फोल्डरही उघडून पाहा. अनेक लॅपटॉपवर पॅनिकचा मजकूर यूईएफआयच्या (बायोसच्या नव्या रूपाच्या) मेमरीत जपला जातो आणि पुढच्या बूटला तिथे येऊन पडतो.

लॉगमध्ये काय शोधायचे? 'आउट ऑफ मेमरी' किंवा 'ओओएम-किल' दिसले तर रॅम. 'जीपीयू हँग', 'रिंग जीएफएक्स' पुढे 'टाइमआउट', किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा 'एक्सआयडी' हा शब्द दिसला तर ग्राफिक्स. 'नेटडेव्ह वॉचडॉग', किंवा वाय-फाय ड्रायव्हरच्या नावासह फर्मवेअरच्या (कार्डाच्या आतल्या प्रोग्रामच्या) चुका असतील तर वाय-फाय. 'आय/ओ एरर' किंवा एनव्हीएमईचे (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) टाइमआउट असतील तर डिस्क. 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स' ही ओळ स्वतः कारण नसते. कोणता प्रोग्राम कशाची वाट पाहत अडकला ते ती सांगते, म्हणून तिच्या खालची यादी वाचावी.

चार संशयित वेगळे करण्याच्या चाचण्या

लॉग मुका असला तरी या चाचण्या बोलतात. घाई करू नका. लॅपटॉप एरवी जेवढ्या वेळात हँग होतो त्याच्या किमान तिप्पट वेळ प्रत्येक चाचणी चालू द्या.

पहिली चाचणी ब्राउझरशिवाय नेटवर्कची. कंट्रोल + ऑल्ट + एफ३ ने मजकुराच्या पडद्यावर जा, लॉगइन करा आणि एखादी काही जीबीची आयएसओ फाइल उतरवा, पण डिस्कवर न लिहिता:

कर्ल -ओ /डेव्ह/नल आणि पुढे फाइलीचा थेट पत्ता

इथे ग्राफिक्स जवळपास निष्क्रिय, रॅमचा वापर नगण्य आणि डिस्क बाजूला. तरी लॅपटॉप गोठला तर वाय-फायचा ड्रायव्हर किंवा कार्ड हाच दोषी.

दुसरी याच्या उलट. वाय-फाय बंद करा, आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओ ब्राउझरमध्ये ओढून टाका आणि पूर्ण पडद्यावर चालवा. हँग झाला तर इंटरनेटचा काही संबंध नाही, ग्राफिक्स तपासा.

तिसरी: फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, लॅपटॉपचे वाय-फाय बंद ठेवा आणि नेहमीसारखा ब्राउझर वापरा. यात नेटवर्क तेच, पण वाय-फाय ड्रायव्हर पूर्णपणे वगळला जातो. केबलवर लॅपटॉप ठणठणीत आणि वाय-फायवर हँग, असा फरक दिसला तर वाद संपला. इथरनेटचे तोंड असेल तर त्यानेही हेच साधते.

चौथी रॅमची. ब्राउझर उघडण्याआधी टर्मिनलमध्ये ही आज्ञा सोडून ठेवा:

व्हीएमस्टॅट -टी १ > नोंद.टीएक्सटी

मग नेहमीचे काम करा. हँग होऊन रीबूट झाल्यावर ही फाइल वाचा. अगदी शेवटची काही सेकंदे, जास्तीत जास्त अर्धे मिनिट, डिस्कवर पोहोचलेली नसतील. पहिली ओळ बूटपासूनची सरासरी असते, ती सोडा. पुढे 'एसआय' आणि 'एसओ' हे स्तंभ स्वॅपमधून (रॅम कमी पडली की वापरायच्या जादा जागेतून) येणारी आणि स्वॅपमध्ये जाणारी माहिती दाखवतात. ते अधूनमधून हलले तर ठीक. सलग कित्येक ओळी दोन्हींत हजारांचे आकडे, 'डब्ल्यूए' चढलेला आणि 'बी' स्तंभात अडकलेल्या प्रोग्रामांची गर्दी, असे दिसले तर लॅपटॉप काम करण्याऐवजी पाने (रॅमचे छोटे तुकडे) आत-बाहेर करण्यातच बुडाला आहे.

रॅम: सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेस्कटॉपच एक-दीड जीबी घेतो आणि एकेक जड टॅब काहीशे एमबी. 'फ्री -एच' चालवा आणि 'अव्हेलेबल' हा स्तंभ पाहा. 'फ्री' स्तंभ पाहून घाबरू नका, कारण मोकळी रॅम कर्नल कॅशेसाठी वापरतो आणि लागली की परत देतो. अव्हेलेबल काहीशे एमबीवर घसरला की संकट जवळ आले.

पण रॅम संपली तर कर्नलने प्रोग्राम मारून मोकळे व्हावे, पूर्ण लॅपटॉप का गोठावा? कारण कर्नल प्रोग्राम मारण्याचा निर्णय फार उशिरा घेतो. रॅममधले एखादे पान डिस्कवर टाकून जागा करता येते आहे तोवर त्याच्या हिशेबाने काम पुढे सरकतेच आहे. प्रत्यक्षात टाकलेले पान पुढच्याच क्षणी परत लागते, ते आणायला दुसरे काढावे लागते, आणि हे चक्र मिनिटेच्या मिनिटे फिरत राहते.

यावरूनच एक सर्वत्र पसरलेला सल्ला चुकीचा का हे कळेल: 'स्वॅप बंद करा, हँग होणे थांबेल.' स्वॅप नसेल तर कर्नल प्रोग्रामांचा कोडच रॅममधून काढतो, कारण तो डिस्कवरच्या मूळ फाइलीतून पुन्हा वाचता येतो. मग माउस हलवण्यासाठी लागणारा कोडही दर वेळी डिस्कवरून येतो आणि लॅपटॉप आधीपेक्षा जास्त गोठतो. 'स्वॅपीनेस (स्वॅप किती वापरायचा याची कर्नलची सेटिंग) १० करा' या सल्ल्याचेही तेच. त्याने कर्नल स्वॅप टाळतो, पण कोड जास्त काढतो.

उपयोगी पडणारे उपाय असे.

झेडरॅम लावा. रॅमचाच एक भाग दाबून (कॉम्प्रेस करून) साठवलेल्या स्वॅपसारखा वापरला जातो. पाने साधारण दोन ते तीन पट दाबली जातात आणि डिस्कचा संथपणा आड येत नाही. फेडोरामध्ये ३३ व्या आवृत्तीपासून हे आपोआप चालू आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवा, /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप या फाइलीत मोठ्या अक्षरांतील 'पर्सेंट' समोर ५० आणि 'अल्गो' समोर झेडएसटीडी लिहा, मग झेडरॅमस्वॅप ही सेवा पुन्हा सुरू करा. 'स्वॅपऑन --शो' मध्ये झेडरॅम दिसला आणि त्याची प्रायॉरिटी डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा मोठी असली की झाले. झेडरॅम असताना स्वॅपीनेस १०० किंवा त्याहून जास्त ठेवणे योग्य, कर्नल ५.८ पासून ती २०० पर्यंत ठेवता येते.

शिवाय एसएसडी असेल तर चार जीबीची स्वॅप फाइल जोडा. क्रम असा: डीडी ने शून्यांची फाइल तयार करणे (बीएस=१एम मधला एम मोठा, काउंट=४०९६), सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि शेवटी /ईटीसी/एफएसटॅब मध्ये नोंद. परवानगी ६०० न केल्यास स्वॅपऑन सुरक्षेचा इशारा देतो, तो दुर्लक्षू नका. बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवर ही साधी पद्धत चालत नाही. तिथे 'बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल' ही तिची स्वतःची आज्ञा वापरावी.

तिसरा उपाय अर्लीओओएम. हा छोटा पहारेकरी प्रोग्राम कर्नलची वाट पाहत नाही. उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत जड प्रोग्रामला बंद व्हायला सांगतो आणि ५ टक्क्यांखाली गेले की सरळ मारतो. बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब जातो आणि बाकीचे काम वाचते. कमी रॅमच्या लॅपटॉपवर तो असायलाच हवा. उबुंटू २२.०४ आणि फेडोरा ३४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी ही तशीच सेवा आधीपासून असते, मात्र ती एकेका टॅबऐवजी अख्खा ब्राउझर बंद करू शकते. ब्राउझर काही न सांगता गायब होत असेल तर तो क्रॅश समजण्याआधी जर्नलमध्ये या सेवेची नोंद पाहा.

ब्राउझरमध्येही पाहण्यासारखे आहे. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोसेसेस' लिहिले की टॅबनिहाय रॅम आणि प्रोसेसर दिसतो. क्रोममध्ये शिफ्ट + एस्केप. ऑफलाइन असतानाही जडपणा राहिला तर विस्तार (एक्स्टेन्शन) तपासा. फायरफॉक्समध्ये मदत मेनूतील ट्रबलशूट मोड एका क्लिकमध्ये सगळे विस्तार बाजूला ठेवतो. आणि /टीएमपी हे फोल्डर काही वितरणांत रॅममध्येच असते. तिथे मोठी फाइल उतरवली तर ती तेवढी रॅम खाते.

ग्राफिक्स: व्हिडिओ किंवा स्क्रोल करताना थिजणे

आधी ब्राउझरचा हार्डवेअर ॲक्सलरेशन (चित्र आणि व्हिडिओचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवणे) बंद करून पाहा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, परफॉर्मन्स इथे शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढली की खाली त्याचा पर्याय दिसतो. क्रोममध्ये तो सेटिंग्जमधील सिस्टिम भागात आहे. हँग होणे थांबले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी ठरला, पण तिथेच थांबू नका, कारण आता सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि लॅपटॉप तापतो. ॲक्सलरेशन पुन्हा चालू करा आणि फायरफॉक्सच्या 'अबाउट:कॉन्फिग' मध्ये 'मीडिया.हार्डवेअर-व्हिडिओ-डिकोडिंग.इनेबल्ड' तेवढे फॉल्स करा. अनेकदा दोष केवळ व्हिडिओ उलगडण्याच्या मार्गात असतो आणि बाकीचे ॲक्सलरेशन ठेवता येते.

त्यापुढचे प्रयोग कर्नलच्या पॅरामीटरचे. ते थेट फाइलीत लिहू नका, आधी एका बूटपुरते वापरा: बूट होताना एस्केप किंवा शिफ्टने ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर जोडा आणि कंट्रोल + एक्सने बूट करा. चुकले तरी पुढच्या बूटला सगळे पूर्ववत.

इंटेल ग्राफिक्सवर पडदा थिजतो, पण माउस किंवा की दाबताच पुढे सरकतो, असे होत असेल तर 'आय९१५.इनेबल_पीएसआर=०' लावून पाहा. पडद्यावर काही बदलत नसताना वीज वाचवण्याची पीएसआर ही सोय काही पॅनेलना मानवत नाही. एएमडीवर त्याच कामासाठी 'एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०' आहे. इंटेलसोबत एनव्हिडियाची दुसरी चिप असेल आणि नूवो हा मुक्त ड्रायव्हर चालू असेल तर 'नूवो.मोडसेट=०' (नूवोचे इंग्रजी स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू) देऊन त्या चिपला बाजूला ठेवा; फरक पडला तर वितरणाच्या स्वतःच्या साधनातून एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवा. 'नोमोडसेट' हा केवळ निदानाचा उपाय आहे. त्याने ॲक्सलरेशन पूर्ण बंद होते, म्हणून तो कायम ठेवू नये.

इंटेलच्या बे ट्रेल पिढीचे जुने लॅपटॉप, म्हणजे सेलेरॉन एन२८४०, पेंटियम एन३५४० किंवा ॲटम झेड३७३५एफ असलेले, हे प्रकरण वेगळे. प्रोसेसर खोल झोपेत जाताना ते पूर्ण गोठतात आणि व्हिडिओ पाहताना जास्त. कर्नलच्या बग यादीत हा दोष १०९०५१ या क्रमांकाने नोंदला आहे. त्यावर 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा उपाय; बॅटरी लवकर संपते, पण गोठणे थांबते. नव्या कर्नलवर आधी त्याशिवाय चालवून पाहा.

वाय-फाय: ड्रायव्हर, फर्मवेअर आणि वीजबचत

कार्ड कोणते ते 'एलएसपीसीआय -के' ने कळते. नेटवर्क कंट्रोलरच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असे लिहिलेले असते. ते नाव टिपा, पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

अख्खा लॅपटॉप गोठवणारी वाय-फाय कार्डे बहुधा वीजबचतीत अडकतात. पीसीआय एक्सप्रेसची एएसपीएम ही सोय काम नसताना कार्ड आणि बोर्ड यांच्यातला दुवा झोपवते. कार्डाला वेळेवर जाग आली नाही तर त्याच्याकडून उत्तराची वाट पाहणारा प्रोसेसर तिथेच खोळंबतो, आणि मग कॅप्स लॉकही हलत नाही. निदान सोपे आहे: एका बूटपुरते 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' द्या. गोठणे थांबले तर कारण सापडले. मग हा सरसकट पॅरामीटर काढा आणि फक्त त्या कार्डापुरता बदल करा, नाहीतर सगळीच उपकरणे जास्त वीज खातात.

रिअलटेक ८८२१सीई, ८८२२बीई अशा कार्डांसाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये वायफाय.कॉन्फ ही नवी फाइल करून त्यात लिहा:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=१

नव्या आरटीडब्ल्यू८९ ड्रायव्हरसाठी मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हरचा भाग) आरटीडब्ल्यू८९_पीसीआय आणि पर्याय डिसेबल_एएसपीएम_एल१=१ व डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=१. जुन्या आरटीएल८७२३बीई साठी 'एफडब्ल्यूएलपीएस=० आयपीएस=०'. लिहिण्याआधी 'मॉडइन्फो -पी' आणि पुढे मॉड्यूलचे नाव देऊन तो पर्याय तुमच्या कर्नलमध्ये आहे याची खात्री करा, कारण चुकीचा पर्याय लॉगमध्ये एक ओळ टाकून गुपचूप वगळला जातो आणि आपण उपाय लावला आहे या भ्रमात राहतो. रीबूटनंतर /सिस/मॉड्यूल/आरटीडब्ल्यू८८_पीसीआय/पॅरामीटर्स/डिसेबल_एएसपीएम ही फाइल 'कॅट' ने वाचा. मोठा 'वाय' दिसला तर पर्याय लागू आहे.

इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हरमध्ये फर्मवेअर कोसळले तर तो बहुतेक वेळा स्वतःच ते पुन्हा चढवतो; नेट तुटते आणि परत येते, लॅपटॉप गोठत नाही. लॉगमध्ये 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर' वारंवार दिसत असेल तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करा आणि 'ऑप्शन्स आयडब्ल्यूएलएमव्हीएम पॉवर_स्कीम=१' लावून पाहा.

नेटवर्कमॅनेजर स्वतःही वाय-फायची वीजबचत चालू करतो. उबुंटूमध्ये /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी या फोल्डरमधील डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ या फाइलीत ३ च्या जागी २ करा (फोल्डरच्या नावात एन आणि एम मोठे). ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. हा बदल निरुपद्रवी आहे आणि मंद, अडखळणाऱ्या जोडणीवरही उपयोगी पडतो.

ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना, उदाहरणार्थ बीसीएम४३१४२ ला, 'डब्ल्यूएल' हा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो आणि कर्नल बदलला की तो रुसतो. तिथे फार वेळ घालवण्याऐवजी कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेले मीडियाटेक चिपचे यूएसबी वाय-फाय वापरणे शहाणपणाचे.

लॉगमध्ये 'पीसीआयई बस एरर' आणि 'करेक्टेड' असे शब्द सेकंदाला अनेक ओळींनी वाहत असतील तर त्या ओळी लिहिण्यातच डिस्क भरू शकते. 'पीसीआय=नोएईआर' त्या फक्त लपवतो; आधी वरचा एएसपीएमचा उपाय करा.

डिस्क, उष्णता आणि रॅमची पट्टी

'डीएफ -एच' मध्ये मूळ विभाजन (/) १०० टक्के भरलेले दिसले तर आधी जागा करा. एनव्हीएमई डिस्क असेल आणि लॉगमध्ये तिचे टाइमआउट असतील तर 'एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०' हा पॅरामीटर डिस्कची खोल झोप बंद करतो. साटा प्रकारच्या डिस्कवर 'स्मार्टसीटीएल -ए' मध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याहून जास्त असेल तर बाकी सगळे सोडून आधी बॅकअप घ्या.

उष्णतेसाठी एलएम-सेन्सर्स बसवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'वॉच सेन्सर्स' चालू ठेवा. व्हिडिओ पाहताना तापमान ९५ अंशांपुढे जाऊन लॅपटॉप गोठत किंवा बंद पडत असेल तर पंखा आणि जाळी साफ करा. हँग होण्याला कोणताच नमुना नसेल, कधी ब्राउझरचा टॅब कोसळतो तर कधी पूर्ण यंत्रणा, तर मेमटेस्ट८६+ ची एक तरी पूर्ण फेरी रात्री लावून ठेवा. सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो. एकही चूक दिसली तरी ती पट्टी बदलायची.

जे हँग वाटते, पण नसते

माउस चालतो, बाकी खिडक्या चालतात, फक्त पाने उघडत नाहीत: हा डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) प्रश्न. पिंग १.१.१.१ ला उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, एवढ्यावरून ते कळते.

फाइल मॅनेजर आणि सेव्ह करण्याची खिडकी अडकत असेल तर नेटवर्कवरचे जोडलेले फोल्डर पाहा. एनएफएस किंवा सांबाचा सर्व्हर नाहीसा झाला की त्याला हात लावणारा प्रत्येक प्रोग्राम 'डी' अवस्थेत अडकतो आणि सहजासहजी मरत नाही. 'पीएस ऑक्स' च्या 'स्टॅट' स्तंभात डी दिसले तर ते फोल्डर 'युमाउंट -एल' ने सोडवा.

अजूनही सापडत नसेल तर

ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडून एक दिवस काढा. जुन्या कर्नलवर दोष नसेल तर तो नव्या आवृत्तीत शिरला आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत जुनाच वापरणे हा पूर्णपणे योग्य उपाय आहे. त्यानंतर अगदी नव्या वितरणाची लाइव्ह यूएसबी (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी प्रत). तिच्यावर काही न बसवता तेच काम करून पाहा. तिथेही गोठला तर हार्डवेअर किंवा बायोसकडे वळा. 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स' अनेक लॅपटॉपना बायोसचे अपडेट सुचवते. ते लावताना चार्जर जोडलेला असू द्या.

उपाय सापडला की तो कायम करा. पॅरामीटर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधील 'लिनक्स_डिफॉल्ट' ने संपणाऱ्या ओळीच्या अवतरणचिन्हांत लिहा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा; फेडोरामध्ये हेच काम 'ग्रबी' करते. वाटेत करून पाहिलेले बाकीचे सगळे बदल कागदावरच्या नोंदीवरून एकेक करून मागे घ्या, आणि जर्नलची सिंक वेळही पूर्वीसारखी करून ठेवा.